घरचं गिऱ्हाईक

गेल्या वर्षीच्या नवरात्रात, अष्टमीच्या संध्याकाळी, आमच्या घरात नऊ काडेपेट्या सापडल्या. नऊंतल्या एकीतही काडी नव्हती. काडेपेटीत काडी नसणं ही काही दिवाळी अंकात छापण्यासारखी गोष्ट नव्हे, हे मीही जाणतो. पण त्या नऊ पेट्यांपायी आमच्या घरात दोन दिवस अबोला झाला आणि चाळिशी उलटून गेलेल्या मला वडिलांसमोर उभं राहायची चोरी झाली. म्हणून सांगतो. फक्त ती गोष्ट नीट कळायची, तर वाचकांना आधी माझ्याबरोबर कर्जत स्टेशनावर यावं लागेल.

घाट चढायच्या आधी कर्जतला गाडीला मागून इंजिनं लागतात. ती लागेपर्यंत गाडी थांबते, आणि गाडी थांबते म्हणून तिथला बटाटेवडा एवढा नावाजला गेला. माझ्या लहानपणी, म्हणजे १९९० च्या आसपास, माझं लक्ष मात्र वड्याकडे नसायचं. ते असायचं वजनाच्या यंत्राकडे. लालभडक, माणसाहून उंच, तोंडावर काच आणि काचेआड रंगीत दिव्यांची फिरती चकती. चकती थांबेपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं, मग नाणं टाकायचं. आत काहीतरी खडखडायचं आणि खालच्या वाटीत टप्पकन एक तिकीट पडायचं. जुन्या रेल्वेच्या पुठ्ठ्याच्या तिकिटाएवढं. एका बाजूला वजन आणि भविष्य, दुसऱ्या बाजूला सिनेमातल्या नट-नटीचं इवलंसं चित्र.

माझं वजन फारसं वाढत नसे. भविष्य हिंदीत असे आणि 'आप बहुत परिश्रमी हैं' यापलीकडे क्वचित जाई. पण ते चित्र! कुठलं येणार ते आधी कळायचं नाही, यातच सगळी गंमत होती. माझ्याजवळ अशी एकतीस तिकिटं होती. आयुष्यातला माझा पहिला आणि शेवटचा चित्रसंग्रह. नाना, म्हणजे माझे वडील, ती तिकिटं हातात घेऊन डोळ्यांजवळ नेत आणि म्हणत, "छपाई घाणेरडी आहे. नाकाचा रंग गालावर गेलाय." पण परत देताना जपून देत.

नाना पेंटर. आमचं गाव कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या शिवेवर. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि खोपोली अशी जी छोटी गाडी जाते, तिच्या वाटेवरचं. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या किती दुकानांच्या, हॉटेलांच्या आणि ट्रकांच्या पाट्या नानांनी रंगवल्या याची मोजदाद नाही. दोरीला खडूची पूड लावून ती ताणून सोडायची, भिंतीवर सरळ रेघ उमटायची आणि मग त्या रेघेवर हातभर उंचीचं अक्षर पेन्सिलीचाही आधार न घेता उभं राहायचं. श्रावणात मात्र ते पेणकडे गणपतीच्या कारखान्यात आखणीला जात. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. बाकी सगळी मूर्ती कुणीही रंगवावी, पण डोळ्यांना हात ठरलेले असतात. हातभर अक्षराचा माणूस वर्षातून एक महिना बोटभर डोळ्यांत उतरायचा.

मग २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि ट्रक वरून जाऊ लागले. जुना रस्ता ओस नाही पडला, पण त्याची रया गेली. पाठोपाठ फ्लेक्स आला. ज्या पाटीला नाना तीन दिवस घ्यायचे, ती तीन तासांत छापून येऊ लागली, वर दुकानदाराच्या फोटोसकट. नानांनी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. ब्रश धुतले, खारीच्या केसांचे ब्रश तेल लावून फडक्यात गुंडाळले आणि ते माळ्यावर ठेवून दिले. त्यानंतर वर्षानुवर्षं ते फक्त आखणीला जात राहिले. उरलेले अकरा महिने पडवीत बसून रस्त्याकडे बघायचे.

मी मॅट्रिक झालो, चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि त्या जोरावर ड्रॉइंग मास्तर म्हणून शाळेला चिकटलो. (मॅट्रिक म्हणजे दहावी. पण नाना अजून मॅट्रिकच म्हणतात आणि मलाही तो शब्द जास्त वजनदार वाटतो.) फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. त्या छापल्याही गेल्या. पहिलीच्या प्रती अजून आमच्या माळ्यावर, नानांच्या ब्रशांच्या शेजारीच आहेत. त्यामुळे घरच्या माणसांनी केलेलं कौतुक आणि परक्या माणसाने मोजलेले पैसे यांत काय फरक असतो, ते मला चांगलं ठाऊक आहे. मामाने वाचून 'झकास' म्हटलेलं आपण विसरतो. एका अनोळखी बाईने गाडीत बाकावर माझं पुस्तक उघडून धरलं होतं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आता त्या मुलाकडे येतो. सातवीतला, ठाकरवाडीतला. वर्गात अक्षर गचाळ, पण हातात करवत आणि खिळे दिले की हा मुलगा वेगळाच. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने नाणं टाकलं की चॉकलेट देणारं यंत्र करायला घेतलं. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शाळेचं असं यंत्र असतंच, पण ती पुठ्ठ्याची असतात आणि पाहुणे येईपर्यंत मोडतात. याने फळ्यांचं केलं. त्याची युक्ती साधी होती. उभ्या पेटीत वस्तूंची चळत, खाली सरकता खण. खणाला एक खाच. खाचेत नाणं नसेल तर खण नुसताच बाहेर येतो. नाणं बसलं की ते आतल्या पट्टीला अडतं, पट्टी पुढे सरकते आणि चळतीतली सर्वांत खालची वस्तू बाहेर ढकलते. नाणं मग खालच्या डब्यात पडतं. लहान नाणं खाचेतून खाली निसटतं आणि परत मिळतं. विजेची गरजच नाही.

एके दिवशी तो तोंड पाडून आला. "सर, चॉकलेट अडकतंय. ऊन लागलं की चिकटतं."

"मग दुसरं काही ठेव."

"एकसारखं पाहिजे सर. चौकोनी. चळत राहील असं."

मी खिशातून काडेपेटी काढून टेबलावर ठेवली. (विडी ओढत नाही, डासांच्या उदबत्तीसाठी असते.) त्याने ती उलटसुलट केली आणि त्याचा चेहरा उजळला. "पण सर, काड्या विकायला यंत्र कशाला? दोन रुपयांत दुकानात मिळते की."

खरं होतं. २०२१ च्या डिसेंबरात पेटी रुपयाची दोन रुपये झाली, त्याचा आईने केलेला शोक माझ्या कानांत ताजा होता. तेव्हा मी त्याला सुचवलं की, पेटीत काड्यांऐवजी चित्र ठेवावं. आणि मला एक वाचलेली गोष्ट आठवली, ती सांगितली.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात विन्स्टन-सेलम नावाचं तंबाखूचं शहर आहे. शहराच्या नावातल्या दोन्ही शब्दांच्या सिगारेटी जगभर ओढल्या गेल्या. तिथे क्लार्क व्हिटिंग्टन नावाच्या चित्रकाराचा एक मित्र होता. कुणी खाऊच्या पुडीवरचा चुरचुरणारा कागद सोडू लागलं, की या मित्राला लगेच आपल्यालाही काहीतरी खायला हवं असं वाटे. व्हिटिंग्टनने त्यावरून ताडलं की, माणसाला त्या कागदाच्या आवाजाचंच वेड आहे. त्याने १९९७ मध्ये सिगारेटी विकण्याचं एक बाद झालेलं यंत्र घेतलं आणि आपली कृष्णधवल छायाचित्रं पाकिटाच्या मापाची करून, तसल्याच कागदात गुंडाळून त्यात भरली. डॉलरला एक. प्रदर्शन संपल्यावर यंत्र उचलायचं होतं, पण कॉफीच्या दुकानाची मालकीण म्हणाली, राहू दे. मग इतर चित्रकारांना बोलावलं. आज अशी शंभरावर यंत्रं तिकडे आहेत. त्यांना 'आर्ट-ओ-मॅट' म्हणतात. पाच डॉलर टाकायचे, दांडा ओढायचा, सिगारेटच्या पाकिटाएवढी एक कलाकृती बाहेर. पाचांतले निम्मे चित्रकाराला.

यंत्र आमच्याच पडवीत तयार होत होतं, कारण वाडीत मुलाच्या घरी पाऊस गळत होता. नाना आरामखुर्चीत होते. मला वाटलं, झोपलेत. तर डोळे न उघडता म्हणाले, "काडेपेटीवर चित्र, यात अमेरिकेचं काय आलं? पूर्वी स्वीडनहून आणि जपानहून पेट्या यायच्या आपल्याकडे, त्यांच्यावर आपलेच देव असायचे. रविवर्म्याच्या चित्रांवरून काढलेले. आमचे काका जमवायचे."

आणि मग ते बोलतच सुटले. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत काढलेला छापखाना नंतर घाटावर मळवलीला कसा गेला, पुढे श्लायशर नावाच्या जर्मन माणसाने तो विकत घेऊन कसा चालवला, तिथून देवादिकांच्या तसबिरीच नव्हे तर डब्याबाटल्यांवर चिकटवायची चित्रंही कशी निघत, दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्यापूर्वी तिथे कसे काम करत. मळवली म्हणजे काय, आमच्या घाटाच्या माथ्यावरचीच वस्ती. लोणावळ्यापुढचं स्टेशन. "गरिबाच्या भिंतीला चित्र कुणी दिलं? त्या छापखान्याने. आणि ज्याला भिंतच नाही त्याला? काडेपेटीने," नाना म्हणाले. इतकं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून पुष्कळ वर्षांनी ऐकत होतो.

प्रदर्शनात त्या यंत्राला नंबर लागला नाही. मुलाने पेट्यांत स्वतः काढलेली पानं-फुलं ठेवली होती. एका परीक्षकांनी विचारलं, "यातून समाजाला उपयोग काय?" मुलगा गप्प राहिला. मीही राहिलो. खरं तर मला सांगता आलं असतं की, नाणं टाकून चालणारं जे सर्वांत जुनं यंत्र ठाऊक आहे, ते दोन हजार वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियाच्या हीरोने वर्णिलं आहे, आणि ते देवळात तीर्थ देत असे. नाणं पळीवर पडायचं, पळी कलायची, झडप उघडायची, आणि नाणं घसरून पडलं की तीर्थ बंद. किंवा लंडनच्या रिचर्ड कार्लाइलची गोष्ट सांगता आली असती. त्याने १८२२ मध्ये बंदी असलेली पुस्तकं यंत्रातून विकली, विकणारा कोण हे सरकारला सिद्ध करता येऊ नये म्हणून. पण या गोष्टी मला नेहमी घरी परतताना गाडीत सुचतात.

यंत्र पडवीत येऊन पडलं. पावसाळा लागला. आणि एका दुपारी मी शाळेतून आलो तर नाना माळ्यावरचं गाठोडं सोडून बसले होते.

काडेपेटीची आतली जागा केवढी? पाऊण बोट काडीची. लांबी दोन इंचांच्या आत, रुंदी त्याहून कमी. नानांनी पुठ्ठ्याचे तुकडे त्या मापाने कापले. एकावर एक असे पांढऱ्या रंगाचे तीन हात दिले. पहिली चार दिवसांत त्यांनी एकही चित्र पुरं केलं नाही. हातभर अक्षरात हात चुकला तर रस्त्यापलीकडून दिसत नाही. इथे श्वासाने रेघ हलते. ते चिडायचे, तुकडा फेकायचे, आई तो केराच्या सुपातून उचलून ठेवायची. पाचव्या दिवशी त्यांना कळलं, की हे पाटीचं काम नव्हे, आखणीचं आहे. मनगट टेकायचं, करंगळीवर हात तोलायचा, श्वास सोडून झाल्यावर मधे जो एक क्षण असतो, त्यात ब्रश लावायचा. मग भराभर निघू लागली. गाडीच्या शेपटीला लागलेलं घाटातलं इंजिन. पळसदरीचं तळं, भरल्या पावसातलं. पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदं. ढगातून वर आलेलं नागफणीचं टोक. कर्जतच्या फलाटावरचं लाल वजनयंत्र आणि त्याच्यावर चढलेला बारक्या पायांचा एक मुलगा. त्या मुलाबद्दल मी काही विचारलं नाही.

इर्शाळगडही काढला. सुळक्यातलं नेढं, आणि खाली डोंगराच्या अंगावर तो तांबडा ओरखडा, १९ जुलै २०२३ च्या रात्री जिथून इर्शाळवाडीवर दरड आली तो. सगळ्या पेट्यांतलं सर्वांत चांगलं चित्र तेच होतं. ते मात्र नानांनी यंत्रात टाकलं नाही. "कुणाच्या हाती काय पडेल, सांगता येत नाही. वडा खाता खाता कुणी खण ओढेल आणि हे निघेल. ते बरं नाही," म्हणाले. ती पेटी देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात आहे.

पेटीवरच्या छापील चित्रावर त्यांनी पांढरा कागद डकवला आणि वर फक्त आकडा घातला. सही का करत नाही म्हटलं, तर म्हणाले, "पाटीखाली नाव टाकायचो ते पत्ता म्हणून. दुसरं काम यावं म्हणून. इथे कशाला?" काड्या सगळ्या एका बिस्किटाच्या डब्यात गेल्या. आईची कुरकुर चालू झाली: घरात काड्या ढीगभर आणि घासायला पेटी नाही.

किमतीचा प्रश्न मुलाने सोडवला. "सर, दहाचं नाणं ठेवा. ते दुकानदार घेत नाहीत ना, घरोघर पडून आहेत." खोटी नाणी आल्याची आवई उठल्यापासून आमच्या बाजूला दहाच्या नाण्याला कुणी हात लावत नव्हतं. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने चौदाच्या चौदा नमुने खरे आहेत असं जाहीर केलं, तरी चहावाला नाणं परतच करतो. जे नाणं कुणी घेत नाही ते आपण घ्यावं, हा त्या पोराचा हिशेब मला फार आवडला. अर्थशास्त्राच्या पुस्तकात असं काही असेल तर मला ठाऊक नाही.

हरतालिकेच्या दिवशी आम्ही ते यंत्र जुन्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात, गल्ल्याशेजारी नेऊन ठेवलं. चोवीस पेट्या भरून. हॉटेलच्या शेटची पहिली पाटी नानांनी रंगवली होती. आता तिथे फ्लेक्स आहे, त्यामुळे शेट जरा जास्तच अगत्याने वागले. यंत्रावर नानांनी लिहिलं: 'दहा रुपयांत एक चित्र. कोणतं, ते आधी कळणार नाही.' वीस वर्षांनी त्यांनी लिहिलेली पाटी.

पहिल्या आठवड्यात एकही पेटी गेली नाही. धबधब्याला येणारी मंडळी वडा खात, यंत्रासमोर उभं राहून मोबाईलवर फोटो काढत आणि निघून जात. महडच्या वरदविनायकाला जाणाऱ्या एका बाईंनी काड्यांचं यंत्र समजून खण ओढून पाहिला. नाना रोज संध्याकाळी मला विचारत, "मास्तर, कितवर आलं?" मी म्हणे, अजून नाही. ते म्हणत, "हं." त्या 'हं'चा अर्थ मला माझ्या पहिल्या कादंबरीपासून पाठ होता.

आठव्या दिवशी मी शाळेतून परतताना हॉटेलात थांबलो, शेट मागे गेलेले पाहून खिशातलं नाणं टाकलं आणि खण ओढला. पेटी दप्तरात टाकली. घरी येऊन म्हटलं, "नाना, एक गेली."

वाचकहो, त्या माणसाचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. काही बोलले नाहीत. उठले, पडवीत फेरी मारली, परत आले. "कुणी घेतली?"

"यंत्र आहे नाना. कुणी घेतली ते कसं कळणार?"

"बरोबर," म्हणाले. मग जरा वेळाने, "पण कोणती गेली असेल?"

ती कोणती होती, ते मला ठाऊक होतं. द्रोणातली करवंदं होती. माझ्या दप्तरात होती.

एकदा सुरू केलेलं असलं काम थांबवता येत नाही. दोन दिवसांनी मी आणखी एक घेतली. मग आठवड्याला दोन, कधी तीन. मधूनमधून शेट सांगत, आज एक गेली, काल एक गेली, आणि त्यांतल्या माझ्या कोणत्या आणि परक्यांच्या कोणत्या, याचा हिशेब मलाही ठेवता येईना. ठेवायची इच्छाही नव्हती. महिन्याभरात सतरा पेट्या गेल्या. नाना रात्री अकरापर्यंत दिव्याखाली बसू लागले. जेवताना गाणं गुणगुणू लागले. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "मामंजींना इतकं खुशीत मी लग्न झाल्यापासून पाहिलं नाही." आणि मी आपला माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या वह्यांमागे, पेट्या रचत गेलो.

आणि आली अष्टमी.

पाऊस परतीचा होता. संध्याकाळी एकदम वारा सुटला, वीज गेली आणि देवघराची खिडकी धाडकन उघडली. घटापुढचा अखंड दिवा विझला. आईच्या तोंडचं पाणी पळालं. काड्यांचा डबा हाताशी होता, पण पेटी? स्वयंपाकघरातली एकुलती एक पेटी घासून घासून गुळगुळीत झालेली. गॅसच्या लायटरची ठिणगी वातीला लागेना. "अरे, घासायला पेटी द्या कुणीतरी!" म्हणत तिने अंधारात माझा टेबलाचा खण उघडला, कारण उदबत्तीची काडेपेटी तिथे असते हे तिला माहीत होतं. हात वह्यांच्या मागे गेला.

"अगंबाई, एवढ्या पेट्या! काय रे, मास्तर होऊन विड्या ओढायला लागलास?"

मी पुढे होईपर्यंत तिने एक उचलली होती, काडी ओढली होती आणि वात पेटवली होती. दिवा उजळला. त्या उजेडात आईच्या हातातल्या पांढऱ्या कागदावरचा आकडा स्पष्ट दिसला. दारात नाना उभे होते.

त्यांनी पेटी हातात घेतली. उघडली. पुन्हा मिटली. मग स्वतः खणापाशी गेले आणि एकेक करून नऊ पेट्या टेबलावर मांडल्या. मी तिथेच उभा होतो. चोरी करताना पकडलेल्या पोराला मी वर्गात उभं करतो, अगदी तसा. ते काहीही म्हणाले नाहीत. शिवी दिली असती तरी परवडली असती. पडवीत जाऊन त्यांनी ब्रश धुतले, एकेक, सावकाश. आणि ते ब्रश फडक्यात गुंडाळतानाचा त्यांचा हात मी याआधीही एकदा पाहिलेला होता, म्हणून मला ते बघवेना.

नवमी गेली. दसरा गेला. सोनं द्यायला वाकलो तर डोक्यावर हात ठेवला, पण शब्द नाही.

एकादशीला सकाळी नाना सदरा घालून तयार. "त्या पोराला बोलाव. डब्याची किल्ली त्याच्याकडे आहे." आम्ही तिघे हॉटेलात गेलो. मुलाने डबा उघडला आणि नाणी टेबलावर ओतली. नानांनी मोजली. दहाची चौदा. त्यातली नऊ त्यांनी बोटाने बाजूला सारली आणि माझ्यापुढे ढकलली.

"हे तुझे नव्वद. धंद्यात घरचं गिऱ्हाईक धरत नाहीत."

उरली पाच. नाना त्या पाच नाण्यांकडे बराच वेळ पाहत राहिले. पाच माणसं. नाव नाही, गाव नाही. मुंबईची असतील, पुण्याची असतील, वाडीवरची असतील. शेटना एवढंच आठवत होतं की, एक कॉलेजातली मुलगी पेटी उघडून रस्त्यातच उभी राहिली होती आणि तिच्या मैत्रिणी गाडीतून हाका मारत होत्या.

"पण सर," मुलगा हळूच म्हणाला, "पेट्या सतरा गेल्यात. नाणी चौदाच."

डब्याच्या तळाशी आणखी तीन नाणी चिकटली होती. दोन रुपयांची. २००७ नंतर काही वर्षं निघालेलं, बोटं दाखवणाऱ्या हाताचं ते दोनचं नाणं. त्याचा व्यास दहाच्या नाण्याइतकाच, सत्तावीस मिलिमीटर. २०११ पासूनचं दोनचं नाणं लहान, ते खाचेतून निसटतं. जुनं मात्र बरोब्बर बसतं. कुणीतरी हे शोधून काढलं होतं. मुलगा शरमेने लाल झाला. "माझी चूक सर. नुसतं मापच बघितलं, वजन बघायला पाहिजे होतं. दहाचं जड असतं. मी तराजूची दांडी बसवतो आत. हलकं नाणं परत पडेल."

आणि नाना हसायला लागले. पहिल्यांदा गालात, मग पोट धरून. शेट गल्ल्यावरून बघायला लागले.

"म्हणजे कुणीतरी बसून युक्ती काढली? माझ्या चित्रासाठी? तीन तीन वेळा?" डोळे पुसत त्यांनी ती तीन नाणी उचलली, सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकली आणि खिशावर हात ठेवला. पाचांना त्यांनी हातही लावला नव्हता. "पाटी चोरून नेलेली मी जन्मात ऐकली नाही रे."

परतताना गाडीत मुलगा कागदावर तराजूच्या दांडीचं चित्र काढत होता. नानांनी ते पाहिलं, बरं आहे म्हणाले, टेकू जरा डावीकडे घे म्हणाले. मग केळवली मागे गेल्यावर म्हणाले, "पण एवढ्यात नको बसवू. दिवाळीची सुट्टी होऊन जाऊ दे. पोरांकडे सुट्टीत दहाची नाणी कुठून येणार?"

घरी आल्यावर त्यांनी मला आरामखुर्ची उन्हातून आत घ्यायला सांगितली, आणि माळ्यावरचं गाठोडं खाली काढायला. दिवाळीपर्यंत तीस पेट्या व्हायच्या होत्या. काड्यांचा दुसरा डबा आईने न सांगता पुढे आणून ठेवला, आणि एक भरलेली काडेपेटी पदराला बांधून घेतली.